नाव घ्या ना भाऊ!

ऑनलाइन क्लाससाठी नेटवरून पीपीटी उचलली, शेवटची स्लाइड उडवली आणि बिनधास्त शिकवून टाकलं. मग काय झालं? ‘फुकट’ आणि ‘खुलं’ यांतला फरक कसा कळला, त्याची ही अमरावती व्हाया अकोला गोष्ट.

खरं सांगा, पहिल्या स्लाइडपासून शेवटच्या स्लाइडपर्यंत सगळं स्वतःचं, अशी पीपीटी तुम्ही शेवटची कधी केली होती? आठवत नाही ना? मलाही नाही. ऑफिसातलं ट्रेनिंग असो, नव्या पोरांचं इंडक्शन असो नाहीतर शनिवारी आपल्याच जुन्या कॉलेजात घ्यायचं गेस्ट लेक्चर, आपला फंडा ठरलेला. गुगल उघडायचं, विषय टाकायचा, जी फाइल बरी दिसेल ती उतरवून घ्यायची. तिच्यावरचं नाव खोडायचं, आपलं टाकायचं. काम फत्ते! त्यात कुणाचं काय बिघडतं?

मीही हेच म्हणायचे. २०२१च्या फेब्रुवारीपर्यंत.

तो महिना अमरावतीकर काही विसरणार नाहीत. १५ फेब्रुवारीपासून राज्यातली कॉलेजं निम्म्या हजेरीनं उघडायची ठरली होती. पोरांनी वर्षभर कपाटात पडलेल्या सॅक झटकून ठेवल्या होत्या. आणि आठवडा उलटत नाही तोच २२ तारखेच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूरला परत लॉकडाऊन! अकोल्यातही तेच. पुण्या-मुंबईचे मित्र हॉटेलातल्या थाळ्यांचे फोटो टाकत होते आणि आम्ही वऱ्हाडातले पुन्हा घरात. राजकमल चौकात भरदुपारी चिटपाखरू नव्हतं. गिला वड्याच्या गाड्यासुद्धा बंद, म्हणजे बघा!

मास कॉमची डिग्री हातात होती, फ्रीलान्सिंगची कामं मात्र आटली होती. अशात ओळखीच्या एका सरांचा फोन आला. पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला ‘माध्यम कायदे’ या विषयावर सहा ऑनलाइन तासिका घ्यायच्या होत्या. सुरुवात बुधवारपासून. मानधन मिळेल, पण कधी ते विचारायचं नाही. मी लगेच हो म्हणाले. घरात बसून बसून बह्याड व्हायची वेळ आली होती!

विषय मी शिकले होते, पण शिकवला कधीच नव्हता. रात्री अकराला नेटवर शोधायला बसले आणि लॉटरीच लागली. चोवीस स्लाइड्स, त्याही मराठीत. विचारस्वातंत्र्य, बदनामी, न्यायालयाचा अवमान, कॉपीराइट, सगळं पद्धतशीर मांडलेलं. शेवटच्या स्लाइडवर अकोल्याच्या एका प्राध्यापक मॅडमचं नाव, एक लिंक आणि ‘सीसी बाय-एसए ४.०’ अशी काहीतरी अक्षरं. मला वाटलं, सॉफ्टवेअरचं काहीतरी असेल. डिलीट! पहिल्या स्लाइडवर माझं नाव टाकलं, निळा बॅकग्राउंड बदलून जांभळा केला आणि शांत झोपले.

स्लाइड १९

वर्ग सुरू झाले. स्क्रीनवर एकसष्ट काळे चौकोन. ‘मॅडम, आवाज नाही येऊन रायला’, ‘मॅडम, डेटा संपला’ हे मधूनमधून. तुम्हीही घेतले असतील असे क्लास, तेव्हा जास्त सांगत नाही. एकंदरीत गाडी बरी चालली होती. तिसऱ्या तासिकेनंतर मी गुगल फॉर्मवर वीस मार्कांची टेस्ट घेतली. त्यातला एक प्रश्न होता: लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात कॉपीराइट किती वर्षं टिकतो? स्लाइड १९वर लिहिलं होतं ५०. मी उत्तरसूचीत ५० टाकलं. फॉर्म आपोआप तपासून मोकळा झाला.

संध्याकाळी दर्यापूरकडच्या एका विद्यार्थिनीचा मेसेज आला. ‘मॅडम, माझं उत्तर चूक दाखवलं आहे. माझ्याजवळच्या पुस्तकात साठ वर्षं लिहिलं आहे.’

मी उत्तर दिलं, ‘स्लाइड १९ पाहा’. पुढे एक स्मायली.

तिचा रिप्लाय आला, ‘ओके मॅडम’. विषय संपला.

पुढच्या तासिकेला चॅटमध्ये एका मुलानं लिहिलं, ‘मॅडम, ही पीपीटी तर अकोल्याच्या मॅडमची आहे ना? माझ्या ताईले त्याच शिकवत होत्या.’ एकसष्ट जणांच्या डोळ्यांसमोर ती ओळ तशीच राहिली. मी त्या वेळी काय शिकवत होते माहितीये? कॉपीराइट! मी म्हणाले, ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय’ आणि मीटिंगमधून बाहेर पडले. हो, मी खरंच तसं केलं.

त्या रात्री मूळ फाइल पुन्हा उघडली आणि शेवटच्या स्लाइडवरची लिंक पहिल्यांदा टाइप केली. तिथे त्याच पीपीटीची नवी आवृत्ती होती. स्लाइड १९वर लिहिलं होतं ६०. खाली छोट्या अक्षरांत खुलासा: पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती, १९९२च्या दुरुस्तीनं ६० झाली. त्याखाली चूक दाखवून देणाऱ्या विद्यार्थ्याचे आभार. ही दुरुस्ती आठ महिन्यांपूर्वीच झालेली होती.

या दुरुस्तीमागची गोष्टही भारी आहे. रवींद्रनाथ टागोर गेले १९४१मध्ये. जुन्या नियमानं त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क १९९१च्या अखेरीस संपत होता. त्या तोंडावर सरकारनं मुदत दहा वर्षांनी वाढवली आणि ती वाढ देशातल्या सगळ्याच लेखकांना लागू झाली. वर्गात सांगायला किती छान किस्सा होता! मी मात्र एकसष्ट पोरांना चुकीचा आकडा शिकवून बसले होते आणि बरोबर लिहिणाऱ्या एकुलत्या एका मुलीला ‘स्लाइड पाहा’ असं सुनावलं होतं.

तीस दिवसांची सूट

मॅडमना ईमेल लिहायला मला दोन दिवस लागले. त्यांचा फोन दोन तासांत आला. मी आपली रडवेली होऊन सॉरी सॉरी म्हणतेय आणि त्या मला थांबवताहेत.

‘अवं पोरी, वापरली म्हणून मले राग नाही. वापरासाठीच तर ठेवली होती! पण शेवटची स्लाइड काहून उडवली?’

‘मला वाटलं, त्याचं काही काम नाही.’

‘माझं नाव जाऊ दे एक वेळ. खाली लिंक होती ना? चूक सुधारली की नवी फाइल तिथंच ठेवलेली असते. लिंकच कापली तर तुले कसं समजंल? अन् तुझ्या पोरांना कसं समजंल, का ही फाइल त्यांनाही घेता येते?’

मग त्यांनी त्या अगम्य अक्षरांचा अर्थ सांगितला. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स. आपण काहीही लिहिलं, काढलं, रेकॉर्ड केलं की त्याच क्षणी त्यावर आपला कॉपीराइट तयार होतो. नोंदणी लागत नाही, वर्तुळातला ‘सी’ छापावा लागत नाही. म्हणजे एखाद्या फाइलवर काहीच लिहिलं नसेल तर तिचा अर्थ ‘घ्या’ असा नसून ‘विचारल्याशिवाय घेऊ नका’ असा होतो. पण ज्याला मुळात वाटायचंच आहे, त्यानं येणाऱ्या प्रत्येक फोनला ‘हो, वापरा’ म्हणत किती दिवस काढायचे? म्हणून अमेरिकेत २००१मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था निघाली आणि २००२च्या डिसेंबरात तिनं पहिली लायसन्सेस जाहीर केली. परवानगी आधीच देऊन ठेवलेली, फक्त अटी पाळायच्या.

आता मी केलं ते बेकायदा होतं का? इथे गंमत आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं साहित्याची प्रत काढायला सूट आहे. याच सुटीवर दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाची केस उभी होती. २०१२मध्ये तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी दावा ठोकला होता आणि २०१६च्या सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टानं दुकानाच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे वर्गात स्लाइड दाखवण्यापुरती मी कदाचित सुटलेही असते. पण दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव टाकायची मुभा कुठलंच कलम देत नाही आणि मॅडमच्या लायसन्सची तर पहिली अटच होती: नाव घ्या!

पण या ४.० लायसन्समध्ये एक माणुसकीची अटही आहे. अट मोडली की परवानगी आपोआप रद्द होते, मात्र चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत सुधारली तर ती आपोआप परत मिळते. मॅडम म्हणाल्या, ‘तुझ्याजवळ अजून पुष्कळ दिवस आहेत.’

मला एक दिवस पुरला. ग्रुपवर माफी मागितली, मॅडमचं नाव आणि नवी लिंक टाकली, टेस्टचे मार्क बदलले. त्या मुलीला वेगळा मेसेज केला की तुझं उत्तर बरोबर होतं, चूक माझी होती. तिचं उत्तर मला आजही पाठ आहे.

‘ठीक आहे मॅडम. मी तर आता पन्नासच पाठ केलं होतं.’

फुकट ते सगळं खुलं नसतं!

अनलॉकनंतर जूनमध्ये मी अकोल्याला गेले, खास मॅडमना भेटायला. तेव्हा अमरावती-अकोला हायवेची अवस्था अशी होती की हाडं मोजत जावं लागे. (पुढे जून २०२२मध्ये याच रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनेस रेकॉर्ड झालं, ती गोष्ट वेगळी.) जठारपेठेतल्या त्यांच्या घरी चहा झाला आणि मी माझा बाळबोध प्रश्न टाकला. नेटवर सगळं फुकटच तर आहे, मग लायसन्सची भानगड हवी कशाला?

मॅडमनी बालभारतीचं एक पुस्तक पुढ्यात ठेवलं. १९६७पासून महाराष्ट्राच्या पिढ्या ज्यावर वाढल्या ती पुस्तकं आज पीडीएफमध्ये मोफत मिळतात. लॉकडाऊनमध्ये लाखो घरांत तीच कामी आली. पण आतलं पान उघडा. हक्क मंडळाकडे राखीव आहेत आणि लेखी परवानगीशिवाय मजकूर घेता येणार नाही, असं तिथे स्पष्ट छापलेलं आहे. म्हणजे डाउनलोड करा, वाचा, अभ्यास करा. पण त्यातला धडा घेऊन, उदाहरणं बदलून, आपल्या गावच्या पोरांसाठी नवीन पुस्तक करून वाटायचं असेल तर परवानगी हवी. पुस्तक फुकट आहे, पण खुलं नाही.

‘विरजणासारखं असते ते,’ मॅडम म्हणाल्या. ‘शेजारीण तुले वाटीभर दही देते, ते फुकट. खाल्लं, संपलं. पण विरजण देते, तवा तुझ्या घरी रोज दही लागते. अन् तिचं कमी होत नाही.’

युनेस्कोच्या एका बैठकीत २००२मध्ये या प्रकाराला ‘ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस’ असं नाव पडलं. आपल्या भाषेत मुक्त शैक्षणिक साहित्य. अमेरिकेतल्या एमआयटीनं त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या कोर्सचं साहित्य नेटवर ठेवायची घोषणा केली होती. २०१९च्या नोव्हेंबरात युनेस्कोनं सगळ्या देशांसाठी तशी शिफारसच मंजूर केली. पण तुम्हाला एवढा इतिहास नकोय, कामाचं सांग, असं म्हणताय ना? हे घ्या.

चार तुकडे, लक्षात ठेवा

बाय: नाव घ्या. करणाऱ्याचं श्रेय द्या, बदल केले असतील तर तसं सांगा.

एसए: तुम्ही बदलून वाटलंत तर तुमचं कामही याच लायसन्सखाली ठेवा.

एनसी: पैसे कमावण्यासाठी वापरू नका.

एनडी: जसं आहे तसंच वाटा. बदललेलं किंवा भाषांतर केलेलं वाटू नका.

या तुकड्यांची जोडणी करून सहा लायसन्सेस होतात. शिकवणाऱ्यांसाठी ‘बाय’ आणि ‘बाय-एसए’ सगळ्यात सोयीची, कारण त्यात भाषांतर करता येतं, उदाहरणं बदलता येतात, दोन फाइली जोडून एक करता येते. ‘एनडी’ असलेलं साहित्य वाटता येतं, पण मराठीत आणून वाटता येत नाही. म्हणजे विरजण नव्हे, बंद डब्यातलं दही!

आपल्याकडे काय आहे?

भरपूर आहे. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल घ्या. लिब्रेऑफिसपासून पायथनपर्यंत सगळं दहा-दहा मिनिटांच्या व्हिडिओंमध्ये, अनेक विषय मराठी आवाजात, आणि लायसन्स बाय-एसए. अप्रेजलच्या आधी गुपचूप एक्सेलसारखं काहीतरी शिकून घ्यायचं असेल तर यासारखं दुसरं काही नाही. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१३मध्ये शालेय साहित्याचं राष्ट्रीय मुक्त भांडार सुरू केलं, तेही बाय-एसएखालीच. ५ सप्टेंबर २०१७ला ‘दीक्षा’ आलं. शाळेच्या पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन केले की आपण तिथेच पोचतो, आणि धड्याच्या माहितीत लायसन्सचं नावही दिलेलं असतं. मराठी विकिपीडिया तर १ मे २००३पासून आहे. त्यावरचा मजकूरही बाय-एसए, म्हणजे श्रेय देऊन खुशाल वापरा.

आणि ज्यांचे हक्कच संपले, ती पुस्तकं? साने गुरुजी ११ जून १९५०ला गेले. साठ वर्षांचा हिशेब धरला तर १ जानेवारी २०११पासून ‘श्यामची आई’ सगळ्यांची झाली. तुकडोजी महाराज १९६८मध्ये गेले. त्याच नियमानं ‘ग्रामगीता’ १ जानेवारी २०२९ला सगळ्यांची होईल. मोझरीच्या रस्त्यावरून जाताना हे आठवून पाहा.

अकोटचं झेरॉक्स

लायसन्सचं हे सगळं कागदी वाटत असेल तर माझ्या मैत्रिणीला भेटा. ती अकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून पुनर्वसन झालेली काही गावं अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत वसली आहेत. तिच्या वर्गातली निम्मी पोरं कोरकू. घरात कोरकू बोलायची आणि शाळेत आल्या आल्या गाठ मराठी पुस्तकाशी! कोरकू ही मराठीची बोली नाही बरं का. तिचं कुळच वेगळं, मुंडा भाषांचं. २०११च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्या आसपास लोकांनी तिची मातृभाषा म्हणून नोंद केली. पण व्यवसायाच्या हिशेबानं बघितलं तर कोरकूत गोष्टीचं पुस्तक छापायला कोण प्रकाशक बसलाय?

इथे ‘स्टोरीवीव्हर’ कामी आलं. प्रथम बुक्सनं ८ सप्टेंबर २०१५ला सुरू केलेली ही साइट. चित्रांची गोष्टीची पुस्तकं, लायसन्स बाय. कुणीही घ्या, आपल्या भाषेत करा, छापा. परवानगीचं पत्र नको की करारनामा नको. त्यामुळेच तिथे कोरकूतही पुस्तकं आली. मैत्रीण त्यातली निवडते, अकोटला झेरॉक्सच्या दुकानात छापून घेते आणि शिवते. ऑनलाइन क्लासच्या काळात तिच्या पोरांकडे ना फोन होते ना रेंज. ती बाइकवर जाऊन ही पुस्तकं घरोघर वाटत होती.

‘एक पोरगी शाळेत तोंडच उघडत नव्हती,’ मैत्रीण सांगत होती. ‘तिच्या भाषेतलं पुस्तक दिलं, तर दुसऱ्या दिवशी तिनं मलेच वाचून दाखवलं. माझे उच्चार चुकत होते, ते दुरुस्त केले वर!’

पुस्तकाच्या मागच्या पानावर लेखक, चित्रकार, भाषांतर करणारे अशी सगळी नावं असतात. मैत्रीण ते पान कधीच गाळत नाही. झेरॉक्सवाला म्हणतो, मॅडम, हे पान कायले घेता, एक रुपया वाचंल ना!

पण क्लासवाल्यांचं काय?

इतकं ऐकून तुमच्या मनात प्रश्न आलाच असेल. मी रात्र जागून नोट्स काढायच्या आणि कुणी क्लासवाला त्यावर आपला लोगो छापून फी घेणार? भीती खोटी नाही. अकोल्यात कोचिंग क्लासेसची कमी नाही आणि नोट्स फिरतात त्या व्हॉट्सअॅपवरून, बिननावाच्याच. अशा वेळी ‘एनसी’ची अट घालता येते. पण तिची किंमतही आहे. फी घेणारं विनाअनुदानित कॉलेज व्यावसायिक की नाही? ज्याच्या वेबसाइटवर जाहिरात आहे त्या शिक्षकाचं काय? अशा शंका आल्या की साधा माणूस हात आखडतो आणि तुमची फाइल पडून राहते. मॅडमनी म्हणूनच ‘बाय-एसए’ घेतलं. क्लासवाल्यानं घेतलं तरी नाव द्यावं लागतं आणि त्याची सुधारलेली आवृत्तीही सगळ्यांना खुली ठेवावी लागते.

आणि हो, सगळंच वाटलं पाहिजे असा काही नियम नाही. पोट ज्यावर चालतं ते राखून ठेवा, त्यात लाज कसली! एकदा दिलेलं सीसी लायसन्स परत घेता येत नाही, तेव्हा विचार करूनच द्या. जे मुळात आपलं नाही ते आपण खुलं करू शकत नाही. गुगल इमेजेसवरून उचललेला फोटो तुमच्या पीपीटीत असेल तर तो आधी काढा. ऑफिसच्या वेळेत ऑफिससाठी केलेल्या कामाचा हक्क बहुतेक वेळा कंपनीचा असतो, तेव्हा एचआरला विचारा. आणि ऑनलाइन क्लासच्या रेकॉर्डिंगमध्ये पोरांचे चेहरे, नावं दिसत असतील तर ते जगासमोर टाकायच्या भानगडीत पडू नका.

फॉन्टचं भूत

मराठीत एक जास्तीचा लोचा आहे. लायसन्स खुलं, पण फाइलच उघडत नाही! कितीतरी शिक्षकांच्या उत्तम नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की ‘शिक्षण’च्या जागी अगम्य चिन्हांची रांगोळी. काहींनी कागदाचे फोटो काढून पीडीएफ केलेली. वाचता येतं, पण एक काना बदलायचा तरी सगळं पुन्हा टाइप करा. विरजण म्हणावं तर फ्रीजरमधल्या बर्फासारखं!

तेव्हा काही वाटणार असाल तर एवढं कराच. मजकूर युनिकोडमध्ये ठेवा. पीडीएफसोबत मूळ फाइलही द्या. साइज छोटी ठेवा, कारण समोरचा दिवसाच्या दीड जीबीवर घर चालवतोय. ग्रुपवर फाइल फेकण्यापेक्षा लिंक द्या, म्हणजे चूक सुधारली की सगळ्यांपर्यंत पोचते. आणि दुसऱ्याचं वापरताना शेवटी एक ओळ लिहा: शीर्षक, कुणी केलं, कुठून घेतलं, कोणतं लायसन्स आणि मी काय बदललं. एकच ओळ! लग्नात उखाण्यासाठी एवढी जुळवाजुळव करतो आपण, इथे तर यमकही जुळवायचं नाही. नुसतं नाव घ्यायचं.

स्लाइड ६ पाहा

अकोल्याहून परतल्यावर मी माझी पहिली खरीखुरी ओरिजिनल पीपीटी केली. विषय ‘माहितीचा अधिकार आणि पत्रकार’. तीन रविवार गेले. शेवटच्या स्लाइडवर माझं नाव, लिंक आणि ‘सीसी बाय-एसए ४.०’. ज्यांच्यामुळे ही अक्कल आली त्या मॅडमचे आभारही. फाइल कुणी वापरेल असं काही वाटलं नव्हतं. पण वर्षभरात तीन अनोळखी शिक्षकांचे मेसेज आले. एकानं त्यात बुलडाण्याची उदाहरणं घातली होती, एकीनं कायद्याची भाषा सोपी केली होती. तिची आवृत्ती माझ्यापेक्षा सरस होती, तेव्हा आता मी तीच वापरते. खाली माझं नाव आहे, त्याखाली तिचं.

आणि मागच्या पावसाळ्यात एक मेसेज आला. नंबर सेव्ह नव्हता, पण डीपी पाहिल्यावर लक्षात आलं. दर्यापूरकडची तीच मुलगी. आता अमरावतीतच नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी गावातल्या मुलांना स्पर्धा परीक्षेचे ऑनलाइन क्लास घेते. माझी पीपीटी तिनं वर्गासाठी घेतली होती. नाव, लिंक, लायसन्स, सगळं जिथल्या तिथे ठेवून.

मी त्यात माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायची मुदत ४५ दिवस लिहिली होती. ती असते ३० दिवस. ४५चा आकडा पहिल्या अपिलाच्या निकालाचा, तोही जास्तीत जास्त. माझा घोटाळा झाला होता.

मेसेज एवढाच होता: ‘मॅडम, स्लाइड ६ पाहा’. पुढे एक स्मायली.

पाहिली. सुधारली. आणि खाली आभारात तिचं नाव घेतलं.